अम्मीचा फोन

शाबानचा महिना होता. इशाची नमाज झाल्यावर जेवायला बसलो, तेव्हा अम्मीने फोन माझ्यापुढे धरला. "देख तो, बँकवाले क्या बोल रहे." निरोप इंग्रजीत होता. अर्थ एवढाच की तुमच्या फोनमधलं अँड्रॉइड फार जुनं झालं आहे, महिनाअखेरीनंतर आमचं ॲप त्यावर चालणार नाही.

"फोन खराब हो गया क्या?"

"नहीं, फोन तो अच्छा है."

"तो फिर?"

या 'तो फिर'चं उत्तर मला देता आलं नाही. पुढचे तीन आठवडे मी तेच शोधत होतो.

अम्मी वर्ध्यात, आमच्या मोहल्ल्यातच शिवणकाम करते. ब्लाऊज, सलवार-कमीज, फॉल-पिको. अब्बा गेल्यावर घर तिच्या मशीनवर चाललं, माझं डी.एड. त्याच मशीनवर झालं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी आली. गिऱ्हाईकं "सुट्टे नाहीत, नंतर देते" म्हणू लागली आणि ते 'नंतर' कधी उगवेना. पुढच्या वर्षी मी तिला हा फोन घेऊन दिला. मी तेव्हा शिक्षणसेवक होतो. महिन्याचं मानधन ६,००० रुपये आणि फोन त्याच्या जवळजवळ दुपटीचा. अम्मीने आठवडाभर तो डब्यातच ठेवला होता. म्हणायची, इतका महागाचा फोन हातातून पडला तर?

आता त्याच्या काचेचा एक कोपरा तडकला आहे. बॅटरी दोनदा बदलून झाली. बाकी सगळं ठणठणीत. आवाज साफ येतो, कॅमेरा चालतो. वर्ध्याचा मे महिना या फोनने आठ वेळा काढला. पण आतली प्रणाली अँड्रॉइड ७ ची, म्हणजे २०१६ सालची. कंपनीने काही काळ सुधारणा पाठवल्या, मग त्या बंद केल्या. २०२३ च्या अखेरीस क्रोम ब्राउझरनेही अँड्रॉइड ७ साठी नवी आवृत्ती काढणं थांबवलं. यंत्र धडधाकट, पण त्याच्याशी कुणी बोलेनासं झालं.

माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे. त्याच्यासमोर विषय निघाला तसा तो म्हणाला, "मामू, नया काहे को लेते? कस्टम रॉम डाल देता हूँ. नानी का फोन एकदम नया."

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अँड्रॉइडचा मूळ गाभा गूगल सर्वांसाठी खुला ठेवतं. फोन बनवणाऱ्या कंपन्या तो घेऊन त्यावर आपापलं रंगकाम करतात. तसंच जगभरातले हौशी प्रोग्रामरही तोच गाभा घेऊन, कंपनीने सोडून दिलेल्या फोनांसाठी नवी प्रणाली तयार करतात आणि फुकट देतात. २००९ च्या सुमारास सुरू झालेली 'सायनोजेनमॉड' ही त्यातली सर्वांत गाजलेली. तिच्यावर आधारलेली प्रणाली घेऊन मायक्रोमॅक्सच्या 'यू' ब्रँडचा युरेका हा फोन २०१५ मध्ये आपल्याकडे विकायला आला होता, काहींना आठवत असेल. २०१६ च्या शेवटी त्यामागच्या कंपनीने त्यातून अंग काढून घेतलं. प्रोग्रामरांनी मात्र काम सोडलं नाही. तेच काम आज 'लिनिएजओएस' या नावाने सुरू आहे. अम्मीच्या मॉडेलसाठीही ती प्रणाली तयार होती.

मी हरखलोच. एक तर पैसे वाचणार होते. दुसरं म्हणजे आमच्या घरात वस्तू टाकून देण्याची पद्धत नाही. वुजू करताना नळ सोडून ठेवला तरी अम्मी 'इस्राफ' म्हणून ओरडायची. तिसरं कारण जरा लपवण्यासारखं आहे. कंपनीने मेला म्हणून सांगितलेला फोन आपण जिवंत करून दाखवायचा, ही खुमखुमी. रोज रात्री मी त्याच्याविषयी वाचत बसू लागलो.

वाचता वाचता एकेक गोष्ट कळत गेली. फोन सुरू होताना आत काय चालू द्यायचं हे ठरवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, बूटलोडर. कंपनी त्याला कुलूप लावून ठेवते. नवी प्रणाली घालायची तर ते कुलूप आधी उघडायचं. काही कंपन्या उघडू देतात, काही देत नाहीत. आमची देत होती, पण अर्ज करून आठवडाभर थांबायचं होतं. कुलूप उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. एखादी पायरी चुकली तर फोन कायमचा बंद पडू शकतो. सगळं नीट झालं तरी नवेपण अर्धवटच, कारण चिप, मोडेम यांच्या आतलं सॉफ्टवेअर मूळ कंपन्यांचं असतं. तिथली जुनी भोकं या हौशी मंडळींना बुजवता येत नाहीत.

खरी गोम पुढेच होती. बँकांची बरीच ॲप फोनचं कुलूप शाबूत आहे की नाही, हे गूगलच्या 'प्ले इंटिग्रिटी' नावाच्या तपासणीतून बघतात. कुलूप उघडलेलं दिसलं तर ॲप चालायला नकार देऊ शकतं. म्हणजे फोन आहे तसा ठेवला तर म्हातारा म्हणून बँक दारातून परत पाठवणार, आणि नवा केला तर कुलूप मोडलेला म्हणून. भाचा म्हणाला, "वो भी हो जाता मामू. ॲप को पता ही नहीं चलने देते." तसे उपाय असतात, हे मीही वाचलं होतं. पण ते आज चालतात, उद्या चालतील याचा भरवसा नाही. शिवाय अम्मीच्या शिलाईचे पैसे ज्या खात्यात आहेत, त्या खात्याच्या ॲपला फसवून फोन चालवायचा, हे मनाला पटेना. पैसा तिचा, जोखीम तिची आणि हुशारी आमची.

याच दिवसांत शाळेच्या मुलांना घेऊन मगनवाडीतल्या मगन संग्रहालयात गेलो होतो. वर्ध्याच्या शिक्षकाच्या वाट्याला ही सहल दर एक-दोन वर्षांनी येतेच. मुलं चरख्यांभोवती गोळा झाली आणि मला एक जुनी जाहिरात आठवली. १९२९ मध्ये गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. तेव्हाचे एक लाख. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र खेड्यातल्या साध्या घरात हाता-पायाने चालावं. बाईला आठ तास चालवून फार थकवा येऊ नये. किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नको. वेळच्या वेळी देखभाल केली तर ते किमान २० वर्षं चालावं आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. ते बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. किर्लोस्करांनीही यंत्र पाठवलं होतं, तेही सगळ्या अटींत बसलं नाही.

मी मुलांना अटी सांगितल्या. सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, मोबाइल किती वर्षं चालला पाहिजे, अशी अट कोणी घातली का?"

आता कुठे घातली जाऊ लागली आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून असा नियम लागू झाला की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षं कंपनीने त्याला सुधारणा पुरवायच्या. काही कंपन्या आपल्या महागड्या फोनांना ७ वर्षांचा शब्द देतात. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी मिळावी, हा त्याचा हेतू. चांगलं पाऊल आहे, पण अम्मीच्या अँड्रॉइड ७ ला त्यातून काही मिळणार नव्हतं.

त्या रविवारी भाचा लॅपटॉप घेऊन आला. आम्ही दोघं ओसरीत बसून हो-नाही करत होतो. मी कागदावर फायदे-तोटे लिहिले होते. पलीकडे अम्मीची मशीन चालू होती. ती थांबली तेव्हा आमच्या लक्षात आलं, ती सगळं ऐकत होती.

"मेरे फोन का फैसला हो रहा है, और मुझसे किसी ने पूछा नहीं."

आम्ही गप्प. मी काहीतरी तांत्रिक समजवायला लागलो. तिने हाताने थांबवलं आणि फोन उघडून माझ्या हातात दिला. "पहले ये देख."

गेल्या कित्येक वर्षांत मी तिचा फोन नीट पाहिलाच नव्हता. लागला तर हातात घ्यायचा, काम करून परत द्यायचा. अम्मी चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकली. मराठी बोलते झकास, वाचताना मात्र अडखळते. तिने स्वतःची एक पद्धत बसवली होती. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नंबरवर माणसाचा फोटो नव्हता, कापडाचा होता. मोरपंखी सिल्क म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातल्या ताई. लाल खण म्हणजे मास्तरीण बाई. दूधवाल्याच्या नावापुढे म्हैस. माझ्या नावापुढे माझ्या शाळेच्या गणवेशाचं कापड, तिनेच शिवलेल्या. चिन्हांच्या जागाही ठरलेल्या होत्या. अंगठा कुठे न्यायचा हे तिला न बघता माहीत होतं. आठ वर्षांत तिने हा फोन आपल्या मापाने शिवून घेतला होता, आणि आम्ही तो उसवायला निघालो होतो.

मग तिने तीन प्रश्न विचारले. ये सब ऐसा ही रहेगा क्या? नंबर आणि फोटो आधी उतरवून घेता येतील, मी म्हणालो, पण मांडणी बदलेल. बँकवाला चलेगा? सांगता येत नाही. आणि तिसरा प्रश्न भाच्याला: "रात को बंद पडा तो कौन आएगा? तू तो पुना जाने वाला है."

भाच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. नवी प्रणाली घालणं एका दुपारचं काम. पण नंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी तिच्या सुधारणा घालायच्या, बिघडलं तर निस्तरायचं. चौकातल्या दुरुस्तीवाल्याला काच, बॅटरी, चार्जिंगचा पिन येतो. या प्रणालीला तो हात लावणार नाही. १९२९ च्या त्या अटींतली देखभालीची अट मला तेव्हा नीट उमगली. यंत्र वापरणाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर ते दुरुस्त करणारा हवा.

स्वातंत्र्य म्हणून जे मी वाचत होतो, ते खरंच आहे. वस्तू विकत घेतली तर तिच्या आत काय चालेल हे ठरवण्याचा हक्क मालकाचा. मी फक्त मालक कोण, हे विसरलो होतो. कंपनीने अम्मीला न विचारता फोन म्हातारा ठरवला, म्हणून मी चिडलो होतो. मी तिला न विचारता तो तरुण करायला बसलो होतो.

तोडगा शेवटी तिनेच काढला. "मुझे पैसे देने कहाँ रहते? लेने ही रहते." खरंच की. मशीनजवळ भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड ॲपवर अवलंबून नव्हता. गिऱ्हाईक आपल्या फोनवरून पैसे पाठवतं, ते खात्यात जातात आणि बँकेचा साधा एसएमएस येतो. धागा-बटणवाल्याला ती पूर्वीसारखे रोख देईल. आम्ही तिच्या फोनमधून बँकेचं ॲप काढून टाकलं. सुधारणा बंद झालेल्या फोनमध्ये पैशांचं ॲप नसलेलंच बरं, असं मी म्हणालो. ती म्हणाली, वही तो मैं बोल रही.

माझी खुमखुमी मात्र राहिली होती. कपाटात माझाही एक जुना फोन पडून होता, याच सुमाराचा. त्याला नवी बॅटरी घातली, कंपनीकडे कुलपासाठी अर्ज केला, आठवडाभर थांबलो. भाच्याने लॅपटॉपला हात लावला नाही. "मामू, आप ही करो, तभी आएगा." १९३७ मध्ये याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हाताने काम करत शिकण्याची योजना लिहिली. ती मी डी.एड.ला परीक्षेपुरती पाठ केली होती, त्या दुपारी भाच्याने ती माझ्याकडून करून घेतली. एक आज्ञा दोनदा चुकलो. नवी प्रणाली पहिल्यांदा सुरू होताना पडदा कितीतरी वेळ तसाच होता. फोन गेला, असंच वाटलं. मग उजेड आला.

त्या फोनमध्ये सिम नाही, बँक नाही. त्याच्या सुधारणा मीच घालतो, आता जमतं. रमजानमध्ये अम्मीने तो तिलावत ऐकायला मागून घेतला. सहेरीनंतर उशाशी लावून ठेवायची. ईदनंतर परत दे म्हणालो, तर म्हणाली, असू दे थोडे दिवस.

परवा सहज पाहिला. पडद्यावरची चिन्हं तिने हलवून ठेवली होती, अगदी तिच्या फोनसारखी, ओळीने. एका कोपऱ्यात जागा रिकामी होती. तिथे काय ठेवायचं, ते तिने अजून ठरवलेलं नाही.