आज दिनांक सव्वीस

आमच्या घरी दुधाचा हिशेब कालनिर्णयच्या पानावर असायचा. तारखेच्या चौकोनात आई पेन्सिलीनं बारीक अक्षरात टिपून ठेवायची: एक, दीड, आणि खाडा झाला की एक छोटी फुली. महिना संपला की खुंटीवरचं कॅलेंडर काढून ती ओट्यावर बसायची, समोर गवळी, आणि दोघं मिळून एकेका चौकोनावर बोट ठेवत बेरीज करायचे. वर्ष सरलं की पानं रद्दीत. आई गेल्यावर ट्रंकेतले कागद चाळताना मात्र एक पान नीट घडी घालून ठेवलेलं सापडलं, नोव्हेंबर २००८ चं. सव्वीसच्या चौकोनात ‘दीड’ आहे. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस कोरे. दूध येत होतं, चहा होत होता, फक्त लिहायचं कोणाला सुचलं नव्हतं. ते तीन दिवस सगळं घर टीव्हीसमोर बसून होतं.

ते पान मी पुन्हा घडी घालून ठेवलं. पण तेव्हापासून सव्वीस नोव्हेंबर ही तारीख माझ्या मागे लागली आहे.

आमचं घर नागपुरातल्या धंतोलीतलं. तिथून बर्डी पायी दहा-पंधरा मिनिटं. नागपूरकर सीताबर्डी असं पूर्ण नाव क्वचितच घेतो. ‘बर्डीवर जाऊन येतो’ म्हटलं की झालं. बर्डीवर पुस्तकं मिळतात, लग्नाचं कापड मिळतं, चपला मिळतात, आणि आता मेट्रोच्या दोन्ही मार्गिकाही तिथेच भेटतात. या सगळ्या गजबजाटाच्या पाठीशी टेकडी आहे, हे गर्दीत विसरायला होतं. ती लष्कराच्या ताब्यात असते आणि वर्षातून मोजक्याच दिवशी आपल्याला वर जाता येतं. शितलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन यदुवंशी गवळी भावांच्या नावांवरून ‘शितलाबद्री’ आणि मग सीताबर्डी झालं, असं जुने लोक सांगतात. खरं असो वा दंतकथा, मला ती आवडते. राजाच्या किंवा साहेबाच्या आधी त्या टेकडीवर गुरं चारणारी माणसं होती, एवढं तरी ती लक्षात ठेवते.

१८१७ च्या नोव्हेंबरात पुण्याहून बातमी आली की खडकीला पेशव्यांनी इंग्रजांशी लढाई जुंपली. नागपूरचे अप्पासाहेब भोसले वयानं तरुण, आदल्याच वर्षी तैनाती फौजेचा तह करून अडकलेले. २४ तारखेला त्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रं स्वीकारली. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सला काय समजायचं ते समजलं. त्यानं आपली जेमतेम दीड हजारांची फौज या टेकड्यांवर चढवली. टेकड्या दोन आहेत, एक थोरली आणि एक धाकटी. समोर भोसल्यांचं सैन्य कित्येक पटींनी मोठं, त्यात शौर्यासाठी नावाजलेले अरब.

२६ ला दिवस बुडता बुडता गोळीबार सुरू झाला तो रात्रभर थांबला नाही. सकाळी अरबांनी धाकटी टेकडी घेतली आणि तिथली तोफ थोरल्या टेकडीकडे वळवली. त्या वेळी नागपूर जिंकत होतं. मग कॅप्टन फिट्झगेराल्ड बंगालचे घोडेस्वार घेऊन खाली मैदानात घुसला, आणि थोड्याच वेळात धाकट्या टेकडीवर दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला. धूर निवळायच्या आत मद्रासचे शिपाई वर चढले. २७ च्या दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. अप्पासाहेबांची गादी पुढच्याच वर्षी गेली. कैदेतून निसटून रानोमाळ भटकत ते अखेर १८४० मध्ये नागपूरपासून फार दूर, जोधपूरला वारले.

या लढाईबद्दल वाचताना मला एक गोष्ट दरवेळी बोचते. इंग्रजांच्या बाजूनं लढणारे बहुतेक सगळे मद्रास-बंगालच्या पलटणींतले देशी शिपाई होते. म्हणजे टेकडीवर चढणाराही आपलाच आणि टेकडी राखणाराही. एक राजाचा चाकर, एक कंपनीचा. इतिहासात नावं उरली ती राजाची, रेसिडेंटची आणि गोऱ्या कप्तानाची. काही वर्षांपूर्वी शेजारच्या कस्तुरचंद पार्कात खोदकाम सुरू असताना मातीतून जुन्या तोफा निघाल्या, तेव्हा बघायला गर्दी लोटली. तोफा निदान सापडतात. शिपाई सापडत नाहीत.

त्या लढाईच्या रात्रीनंतर १३२ वर्षांनी, २६ नोव्हेंबर १९४९ ला, शनिवारी, दिल्लीत संविधान सभेनं संविधान स्वीकारलं. संविधान लागू झालं २६ जानेवारीला, असं आपण शाळेत शिकतो, आणि ते बरोबरच आहे. पण शेवटाकडे ३९४ वं कलम आहे, ते फारसं कोणी वाचत नाही. काही कलमं ताबडतोब, म्हणजे त्याच दिवशी अंमलात येतील, असं ते सांगतं. त्यात नागरिकत्वाची कलमं आहेत आणि निवडणूक आयोगाचं कलम आहे. प्रजासत्ताक व्हायला अजून दोन महिने होते, पण नागरिक आपण त्या शनिवारीच झालो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. बर्डीच्या टेकडीवर चाकर म्हणून मेलेल्यांच्या पणतू-खापरपणतूंना त्याच तारखेला नागरिक हे नाव मिळालं.

तारीख हे आपल्याकडे तसं परकं माप. आपण तिथीची माणसं. नागपुरात तर तिथी किती भारी पडते ते दसऱ्याला दिसतं. १९२५ च्या विजयादशमीला इथे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना झाली आणि १९५६ च्या विजयादशमीला बाबासाहेबांनी इथेच लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९५६ चा तो दिवस १४ ऑक्टोबर होता, म्हणून दीक्षाभूमीवर तिथीलाही माणसं येतात आणि तारखेलाही. विदर्भातून, मराठवाड्यातून रेल्वेनं, ट्रकनं, पायी येणारी ती माणसं, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं, परतताना हातात पुस्तकं. पंचांग आणि कॅलेंडर दोन्ही ज्यांनी आपलेसे केले, असा एवढा मोठा समूह मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आणि २००८. तोही बुधवार होता, १८१७ चा २६ नोव्हेंबर बुधवारच होता. कटकला भारत-इंग्लंडचा एकदिवसीय सामना होता, घरात तोच लावलेला. मग कोणीतरी फोन करून सांगितलं, बातम्या लावा, मुंबईवर हल्ला झालाय. रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एक पोलीस अधिकारी हेल्मेट डोक्यावर चढवताना, जाकीट घालताना दिसला. आई म्हणाली, ‘‘हे तर करकरे. आपल्या इथं शिकले.’’ हेमंत करकरे यांनी १९७५ मध्ये नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून, आजच्या व्हीएनआयटीतून, यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. पुढे चंद्रपूरला पोलीस अधीक्षक असताना जंगलात पडलेली लाकडं, मुळं गोळा करून त्यांतून ते शिल्पं घडवायचे. वाळक्या लाकडात आधीच दडलेला आकार ओळखायचा आणि नको तेवढंच काढून टाकायचं, असं ते काम. त्या रात्री कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत ते आणि त्यांच्याबरोबरचे पोलीस अधिकारी अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. गिरगाव चौपाटीवर सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे पोलीस तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. म्हणून कसाब जिवंत सापडला आणि त्याच्यावर खटला चालला. त्याला वकील मिळाला, अपील मिळालं. हे सारं ज्या पुस्तकाच्या जोरावर झालं, ते स्वीकारलं गेल्याची तारीख तीच. योगायोग आहे, मला ठाऊक आहे. तरीही मी या दोन गोष्टी वेगळ्या करू शकत नाही.

तारखेत आणखीही बरंच असतं. १९२२ च्या याच दिवशी हॉवर्ड कार्टरनं लिंपून बंद केलेल्या दाराला छोटं भोक पाडून, मेणबत्ती धरून, तुतानखामुनच्या थडग्यात पहिल्यांदा डोकावलं. त्याच्या आदल्या वर्षी याच दिवशी धवलक्रांतीचे व्हर्गीस कुरियन जन्मले. म्हणून हा दूध दिवसही आहे. आईच्या त्या चौकोनात ‘दीड’ एवढंच लिहिलेलं आहे हे तेव्हा मला चुकल्यासारखं वाटलं होतं, आता वाटत नाही.

बर्डीच्या टेकडीपासून जवळच बाबासाहेबांचा पुतळा असलेला संविधान चौक आहे. कितीतरी ऑटोवाले त्याला अजून रिझर्व्ह बँक चौकच म्हणतात. २६ ला सकाळी तिथे माणसं जमतात, हार घालतात, संविधानाची उद्देशिका वाचतात. शाळांमध्ये उद्देशिका वाचायची रीत नागपूर जिल्ह्यात तशी जुनी. सनदी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी २००५ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘संविधान ओळख’ सुरू केली, आणि केंद्र सरकारनं संविधान दिन जाहीर केला तो त्यानंतर दहा वर्षांनी, २०१५ मध्ये.

माझ्या खिडकीतून जवळच्या शाळेची प्रार्थना ऐकू येते. पोरं एका सुरात, थोडं घाईनं उद्देशिका म्हणतात. शेवटच्या ओळीशी आली की आवाज चढतो, कारण मग वर्गात जायचं असतं. त्या ओळीत एक तारीख आहे, आणि तारखेच्या आधी ‘आज’ हा शब्द आहे. जुलैच्या पावसात, मार्चच्या परीक्षेत, एप्रिलच्या उन्हात, पोरं रोज सकाळी म्हणतात की आज दिनांक सव्वीस नोव्हेंबर एकोणीसशे एकोणपन्नास. कॅलेंडरवर काहीही असो.

येत्या २६ ला नागपुरात असाल तर सकाळी थोडं लवकर निघा, संविधान चौकात जमलेल्या माणसांबरोबर उभे राहा, आणि ती ओळ मोठ्यानं म्हणा. परतताना बर्डीवरून या. टेकडी तिथेच आहे.