मधली पानं

प्रेमकथा लिहिणाऱ्याला पहिली भेट जमते, शेवटही जमतो. अडतं ते मधल्या पानांत. दोघं एकमेकांना आवडली आहेत. हे वाचकाला कळलंय आणि त्यांनाही कळलंय. मग तिसाव्या पानावरच ती एकत्र का येत नाहीत? पुस्तक संपत येईपर्यंत कशाची वाट बघतात? माझं सगळं लेखन या एका प्रश्नाभोवती फिरत आलं आहे आणि वय वाढेल तसा तो अधिकच अवघड होत चालला आहे. त्याचं एक कारण सगळ्यांच्या हातात आहे. पूर्वी एखादं पत्र भलत्याच्या हाती पडलं की लेखकाची पन्नास पानांची सोय होई. तार उशिरा येई, एसटी चुके, निरोप अर्धवट पोचे. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण कथेतली तार त्याच्या कितीतरी आधी निकामी झाली होती. आज नायिका रागावून निघून गेली तर नायकाचा मेसेज दहा मिनिटांत जातो, तिने तो वाचल्याच्या निळ्या खुणा त्याला दिसतात आणि ती कोणत्या गावी पोचली हे तिच्या मैत्रिणीच्या स्टेटसवरून कळतं. गैरसमज लांबवायचा तर दोघांपैकी एकाला तरी मूर्ख ठरवावं लागतं. ज्याला मीच मूर्ख ठरवलं त्याच्यावर वाचकाने जीव टाकावा, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

म्हणून माझं म्हणणं असं, की प्रेमकथेतला अडसर त्या दोघांच्या चांगल्या गुणांतून यायला हवा. ज्या गुणासाठी ती त्याला आवडते, नेमका तोच गुण वाटेत उभा राहायला हवा. खलनायक, वैरी घराणं, हरवलेली चिठ्ठी, स्मृतिभ्रंश, श्रीमंत चुलत्याचं मृत्युपत्र या सगळ्या गोष्टी कथेतून काढून टाकता येतात आणि काढल्या तरी ती दोघं तशीच राहतात. गुणातून आलेला अडसर काढायला गेलं तर माणूसच बदलतो. माझ्या लिहिण्याच्या सवयी या एका मतातून घडल्या आहेत. नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी दोनच वाक्यं लिहिते: आत्ता एकत्र का यायचं नाही, याचं तिचं कारण आणि त्याचं कारण. दोन्ही वाक्यं वाचताना 'बरोबर आहे की हिचं' आणि 'बरोबर आहे की याचं' असं वाटलं तरच पुढचं पान उलटायचं. एक वाक्य लटकं वाटलं तर ती कथा तिथेच सोडायची, मग पहिल्या भेटीचा प्रसंग मनात कितीही सुंदर जमलेला असो. भेटीआधी मी भांडण लिहिते. तेही दोनदा: एकदा तिचं म्हणणं वरचढ ठरेल असं, एकदा त्याचं. छापायला जातं ते दोन्हींतून गाळून उरलेलं तिसरं. डोळे, केस, गालावरची खळी यांवर मी शब्द खर्च करत नाही. वाचक तो चेहरा स्वतःच्या आठवणीतून आणतो आणि तो माझ्या वर्णनापेक्षा नेहमीच देखणा असतो.

हे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण मांडते. समजा, सांगलीतली एक बँक अधिकारी आहे. तिला बढती मिळाली आहे आणि बढतीबरोबर राज्याबाहेरची बदली. तो मिरजेत राहतो. त्याच्या वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं आणि त्याला भावंडं नाहीत. तिचं जाणं चूक नाही, त्याचं राहणं चूक नाही. डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मोजून द्यावं लागतं. दिवसभराचं पाणी एका बाटलीत काढून ठेवायचं, चहा आणि आमटीची वाटीसुद्धा त्याच हिशेबात धरायची. एप्रिलच्या दुपारी ती त्यांच्याकडे येते, घशाला कोरड पडलेली. म्हातारा समोरच पलंगावर बसलेला आहे. तो 'पाणी दे रे तिला' म्हणतो, ती 'नको काका, आत्ताच प्यायले' म्हणते. थोड्या वेळाने कप ठेवण्याच्या निमित्ताने आत जाते आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहून, भांड्याचा आवाज होऊ न देता, दोन फुलपात्रं पाणी पिते. तो दारातून हे बघतो. आता त्याला तिला 'जाऊ नकोस' म्हणता येत नाही. कारण म्हटलं तर ती थांबेल, हे त्याला याच क्षणी कळलेलं आहे. मला जी मधली पानं हवी असतात ती इथून निघतात. त्यांत ती दोघं एकमेकांशी खोटं बोलत नाहीत, एकही फोन बंद पडत नाही, तरी दोघं एकमेकांपासून लांब जात राहतात. आणि सुटका कशी करायची? म्हाताऱ्याला मारून दोघांचं लग्न लावणारा लेखक मला आवडत नाही. त्या बाटलीतलं पाणी कुणी, कुठे आणि किती वर्षं मोजायचं हे तिघांनी बसून ठरवावं लागेल आणि त्यात प्रत्येकाचं काहीतरी जाईल.

हा अडसर मी शोधलेला नाही, तो आपल्याकडे फार जुना आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली. गोदेकाठच्या त्या गाथांमध्ये माणसं पोटासाठी, व्यापारासाठी घर सोडून जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात किंवा परतत नाहीत. तिथला विरह कुणा दुष्टाने घडवलेला नसतो, तो चरितार्थाने घडवलेला असतो. १९३३ सालच्या 'कळ्यांचे निःश्वास'मध्ये विभावरी शिरूरकरांनी शिकलेल्या, कमावत्या, घराचा भार उचलणाऱ्या आणि त्यापायी लग्न लांबत गेलेल्या मुली लिहिल्या, तेव्हा गहजब झाला; पण आई-बापांना न सोडणं हाच त्या मुलीचा गुण आणि तोच तिचा अडसर, हे त्यांना नेमकं दिसलं होतं. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची, तिला १९६४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माधवराव पेशव्यांचं थेऊरला काय होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं, तरी पिढ्यान् पिढ्या ती वाचली जाते. रघुनाथराव आहेत, दरबार आहे, सगळं आहे; पण माधवराव आणि रमाबाई यांच्यामध्ये उभं आहे ते त्याचं कर्तव्य, आणि ज्याच्यापाशी ते कर्तव्य नाही असा माधवराव रमेला नको आहे. मी ती कादंबरी इतिहास म्हणून वाचत नाही, प्रेमकथा म्हणून वाचते. उलट ना. सी. फडके. १९३१ च्या 'प्रतिभासाधन'मधून कथेला तंत्र असतं आणि ते शिकता येतं, हे त्यांनी मराठीत ठणकावून सांगितलं. त्याबद्दल माझ्यासारख्या लेखकाने त्यांचं ऋण मानायलाच हवं. भेट रंगवावी तर त्यांनीच. पण त्यांच्या पुष्कळ कादंबऱ्यांत मधल्या पानांचा भार योगायोग वाहतो आणि तिथे मी पानं भराभर उलटते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप जातीचा आहे. अडसर आतून यावा असं म्हणणं ही सुखवस्तू लेखकाची चैन आहे. आपल्या गावांत प्रेमापायी मुलं-मुली मारली जातात, तिथे बाहेरचा अडसर संपलाय असं म्हणणार का, असं विचारलं जातं. हा आक्षेप मला मान्य आहे. त्याचं खापर मी आम्हा प्रेमकथा लिहिणाऱ्यांवरच फोडते. आमच्या कथांतली आडनावं बघा. नायक देशमुख नाहीतर इनामदार, नाहीतर मग नुसताच 'आदित्य', आडनावाशिवायचा. आडनाव लिहिलं की प्रश्न उभा राहतो, म्हणून ते लिहायचंच नाही, हा आमच्या धंद्यातला अलिखित करार आहे आणि तो लाजिरवाणा आहे. पण जातीचा अडसर कथेत आला तरी आतल्या अडसराची गरज सरत नाही. 'सैराट' (२०१६) हा चित्रपट पाहा. आर्ची आणि परश्या पळून जाईपर्यंत गावाचा आणि पाटलाच्या घराचा अडसर आहे. हैदराबादला पोचल्यावर पाठलाग करणारं कुणी समोर नसतं आणि तिथे नागराज मंजुळे खरी प्रेमकथा सुरू करतात. आर्चीला झोपडीतलं जगणं सोसवत नाही, घरची आठवण येते. परश्याच्या मनात संशय शिरतो, हात उठतो. ती निघून जाते, गाडीत बसते आणि परत येते. त्या परत येण्यात जे प्रेम आहे ते विहिरीत उडी मारण्यात नव्हतं. बुलेट चालवणारी, कुणाला न जुमानणारी म्हणून जी आवडली, ती त्या खोलीत मान खाली घालून कशी राहील? जातीने त्यांना मारलं हे खरंच, पण त्यांचं प्रेम मोठं झालं ते या आतल्या गाठीमुळे. विशेष विवाह कायदा, १९५४ हेही असंच एक उदाहरण. नोटीस द्यायची, ती कार्यालयाच्या फलकावर लागणार आणि तीस दिवस थांबायचं. सरकारने लेखकाला आयता तीस दिवसांचा विलंब दिला आहे आणि आमच्या कथांत तो जवळजवळ दिसतच नाही. त्या महिन्यात कुणी आक्षेप घेईल की नाही हे भय बाहेरचं. फलकावरचं आपलं नाव ओळखीच्या कुणी वाचलं तर बरं होईल की वाईट, याबद्दल दोघांचं उत्तर वेगवेगळं निघणं ही कथा.

दुसरा आक्षेप वाचकाच्या बाजूने येतो. दिवसभर राबून लोकलमध्ये उभी असलेली बाई प्रेमकथा उघडते ती विसाव्यासाठी. तिला डायलिसिस कशाला वाचायला लावता? मला या बाईबद्दल फार आदर आहे. मी तिच्यासाठीच लिहिते आणि शेवट गोड करते, कारण तिला दिलेलं ते वचन आहे. पण तिला विसावा म्हणजे काय हवं असतं, हे आम्ही फार स्वस्तात ठरवून टाकलं आहे. सध्याच्या कित्येक कथांतला तो तुसडा उद्योगपती, करार म्हणून केलेलं लग्न, पहिल्या भागात अपमान आणि विसाव्या भागात लोटांगण, हे सगळं तिच्या आयुष्यात कुठेही बसत नाही. तिच्या घरात औषधांचं वेळापत्रक आहे, नवऱ्याची रात्रपाळी आहे, घरकर्जाचा हप्ता आहे, आणि या सगळ्यातून प्रेम होऊ शकतं, टिकू शकतं, असं कुणीतरी पटेल अशा रीतीने सांगावं हा तिचा विसावा आहे, असं मी मानते. अडसर पोकळ असला की मधली पानं कशाने भरायची हा प्रश्न उरतोच, आणि मग ती शरीराने भरली जातात. शरीर लिहिण्याबद्दल माझी तक्रार नाही. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'वर, १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या कथेवर, अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. ते योग्यच झालं. माझी तक्रार भरतीच्या शरीराबद्दल आहे. ज्या स्पर्शाने दोघांमधलं काहीच बदलत नाही तो स्पर्श मी वहीतून खोडते, मग तो कितीही चांगला लिहिलेला असो.

गेल्या काही वर्षांत कथा भागांत वाचल्या जाऊ लागल्या, कानांनी ऐकल्या जाऊ लागल्या, आणि माझ्या कामावर त्याचा परिणाम झाला आहे. भाग छोटा, शेवटी ओढ लावणारा, दुसऱ्या दिवशी पुढचा. दर भागाच्या शेवटी झटका हवा म्हटलं की बाहेरचा अडसर सोयीचा पडतो, कारण दार धाडकन उघडतं, फोन वाजतो, कुणीतरी जिना चढून येतं. ओट्याशी पाणी पिणाऱ्या बाईवर भाग संपवला तर वाचक उद्या येईल का? मला वाटतं, येईल. या वाटण्यात माझा अहंकारही आहे, तो मी लपवत नाही. माझ्या वाक्यावर भाग थांबावा, घटनेवर थांबू नये, असं मला वाटतं. माझी कथा ऐकून कुणी रडलं असं कळलं की आठवडाभर मला त्याची धुंदी असते. 'प्रेमकथा लिहिणारी' या शब्दांत साहित्याच्या दारापाशी चपला काढून उभं राहिल्याचा जो सूर असतो, तो मला झोंबतो. आणि ज्यांचे भाग माझ्यापेक्षा शंभरपट जास्त ऐकले जातात त्यांच्याबद्दलची माझी मतं तपासताना मी त्यांतला हेवा वेगळा काढायचा प्रयत्न करते. तो पूर्ण निघत नाही. पण हेवा वजा केल्यावरही मत तेच उरतं: घाई करणाऱ्या कथेत प्रेम दिसत नाही, दोन माणसांचं जमणं तेवढं दिसतं.

दिवाळी अंकांच्या संपादकांना म्हणून एक विनंती आहे. प्रेमकथा विशेषांक काढताना बारा कथा आणि प्रत्येकीला अडीच हजार शब्द, असा हिशेब करू नका. त्यात पहिली भेट बसते आणि शेवट बसतो. चारच कथा घ्या, लेखकाकडे आडनावासकट माणसं मागा, आणि मधल्या पानांना जागा द्या.