रोग्यांनी केलेला अभ्यास

चि. रेणू,


इंटर्नशिप सुरू व्हायच्या आत 'हाऊ टू सर्व्हाइव्ह अ प्लेग' हा माहितीपट बघ. तो एड्सवरचा आहे; पण माझ्या मनात राहिला तो त्यातला अभ्यास.

डेव्हिड फ्रान्स या पत्रकाराने तो २०१२ मध्ये केला. बरंचसं चित्रण मात्र त्या काळात आंदोलकांनीच करून ठेवलेलं. मार्च १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'ॲक्ट अप' ही संघटना उभी राहिली. समलिंगी तरुण भराभर मरत होते आणि सरकार ढिम्म होतं. एझीटी हे एकच मान्य औषध, तेही वर्षाला सुमारे १०,००० डॉलरचं. सप्टेंबर १९८९ मध्ये काही जण थेट शेअर बाजारात घुसले आणि गॅलरीच्या कठड्याला स्वतःला साखळ्यांनी बांधून बसले. काही दिवसांतच एझीटी बनवणाऱ्या कंपनीने त्याची किंमत २० टक्क्यांनी उतरवली.

मला मात्र आयरिस लाँगबद्दल सांगायचंय. औषधसंशोधनात मुरलेली रसायनतज्ज्ञ. तिला ना एड्स होता, ना ती समलिंगी होती. औषध कसं तयार होतं, चाचणी कशी होते, मंजुरी कोण देतं, हे तिने या तरुणांना शिकवलं. अभ्यासगट बसला. सायन्स न शिकलेल्या मार्क हॅरिंग्टनने वैद्यकीय शब्दांची सूची केली. म्हणूनच ऑक्टोबर १९८८ मध्ये औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी कार्यालयाला त्यांनी घेराव घातला, तेव्हा मागण्या मोघम नव्हत्या. चाचणीच्या अटींत न बसणाऱ्या रोग्यालाही प्रायोगिक औषध मिळावं, असंही त्यांनी मागितलं. पुढे हेच लोक सरकारी संशोधन समित्यांवर बसले. संताप तर पुष्कळांना येतो गं. यांनी त्याच्या जोडीला रात्ररात्र वाचन केलं.

एक उणीव मला खटकली. बायकांच्या लढ्याला माहितीपटात फार थोडी जागा आहे. एड्सच्या सरकारी व्याख्येत त्यांचे आजार धरलेच जात नव्हते. गर्भाशयमुखाचा कर्करोग त्यात आला तो १९९३ मध्ये. ही लढाई बायकांनी वर्षानुवर्षं लढली होती.

त्याच वर्षी 'ॲक्ट अप'चा कार्यकर्ता बॉब राफ्स्की गेला. सिनेमात तो आपल्या लहान मुलीबरोबर दिसतो. तीन औषधांचा एकत्रित उपचार १९९६ मध्ये आला. त्याला तो मिळाला नाही. आपल्याकडे तर हे उपचार सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळायला १ एप्रिल २००४ उजाडला. सुरुवात झालेल्या आठ ठिकाणांत मुंबईचं जे. जे. होतं.

वॉर्डात एखादा पेशंट आपल्या गोळ्यांबद्दल खोदखोदून विचारील. 'डॉक्टर तुम्ही की मी?' असं त्याला ऐकवू नकोस. शेजारी बस आणि त्याला कळेपर्यंत सांग.

तुझी,
मावशी