बिनगुळाची पुरणपोळी

मार्चच्या शाळेच्या सुट्टीत ब्रॉसार्डच्या अंगणातला बर्फ तसाच सोडून आम्ही पॅरिसमार्गे मॉरिशसला गेलो. पहिले दोन दिवस समुद्रात डुंबण्यात गेले. तिसऱ्या दिवशी गाडी ठरवली, आणि घाई करायची नाही, एवढंच ठरवलं.

चालक साठीचे. क्रिओल आणि फ्रेंच बोलणारे. त्यांची इंग्रजी आणि माझी फ्रेंच सारखीच लंगडी. तेव्हा दुभाषी झाली आमची तिसरीतली लेक. घरी मराठीत विचारलं की फ्रेंचमध्ये उत्तर देणारी ही बया, दिवसभर "आई, काका म्हणतात..." करत बसली होती!

शामारेलची सात रंगांची माती पाहिली. ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन झालेल्या टेकड्या: तांबड्या, तपकिरी, जांभळ्या, पिवळ्या. पाऊस पडला तरी रंग मिसळत नाहीत म्हणे. मला रांगोळीचे डबे आठवले. लेकीला तिथली अवाढव्य कासवंच जास्त आवडली. अर्धा तास हलली नाही.

परतताना काकांनी विचारलं, भारतात कुठल्या? महाराष्ट्र म्हटल्यावर गाडीचा वेग कमी झाला. "मीसुद्धा मराठी," ते फ्रेंचमध्ये म्हणाले. शाळेत थोडी मराठी शिकलेले, गणपतीची आरती तोंडपाठ, पण "कसं काय?" म्हटलं की नुसते हसायचे. तिथे गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते. आपण इथे रजा टाकतो!

दुपारी रस्त्याकडेला डाळपुरी खाल्ली. हरभऱ्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, दोन-दोनच्या जोडीने, आत घेवड्याची भाजी आणि तिखट. पहिला घास घेऊन लेक म्हणाली, "आई, हे पुरणात गूळ घालायला विसरले."

मग पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. 1834 पासून 1920 पर्यंत सुमारे साडेचार लाख गिरमिटिया मजूर मॉरिशसला आले. 2006 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. प्रत्यक्षात जागा लहानशी: दगडी भिंती आणि बंदरावरून वर येणाऱ्या थोड्या पायऱ्या. आमचा आवाज आपोआप खाली आला.

तिथे काकांनी मोबाइल काढला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांची दप्तरं जपली आहेत. तिथून मिळालेल्या पणजोबांच्या नोंदीचा फोटो. नंबर, वय, जिल्हा रत्नागिरी, आणि गाव. गावाचं नाव कुणा गोऱ्या कारकुनाने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. "हे कसं म्हणायचं?" लेकीने विचारलं. मी चार तऱ्हांनी वाचलं. मराठीची एम.ए., रत्नागिरीचीच मुलगी, आणि गाव काही ओळखता येईना. काका प्रत्येक उच्चार माझ्यामागून हळूच म्हणून पाहत होते.

रात्री फोटो गुहागरला बाबांना पाठवला. त्यांना दोन गावांची शंका आहे. दोन्ही नावं लेकीने देवनागरीत, थोडी वाकडीतिकडी, लिहून काकांना कळवली.

त्यांचं उत्तर आलं: यातल्या कुठल्या गावातून समुद्र दिसतो?

बाबा पाऊस सरला की जाऊन बघणार आहेत.