एक कोयता

व्यापाऱ्याची वही हा मला नेहमीच मोठा वाचनीय ग्रंथ वाटत आला आहे. माणसाचा स्वभाव कीर्द-खतावणीत जितका उघडा पडतो, तितका तो रोजनिशीतही पडत नसेल. पूर्वी ह्या वहीत केवळ रुपये, आणे, पै मावत. आता मोठ्या कंपन्यांस आपण जमीन, पाणी, हवा आणि माणूस यांच्याशी कसे वागलो, ह्याचाही ताळेबंद मांडावा लागतो. त्यास शाश्वतता अहवाल म्हणतात. सेबीने 2021 साली त्याचा साचा ठरवून दिला आणि 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांस तो बंधनकारक केला.

हा अहवाल सिद्ध कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. प्रथम कुंपण घालतात. म्हणजे कोणते कारखाने व कोणत्या कचेऱ्या हिशेबात धरावयाच्या, ते ठरवितात. मग महत्त्वाचे प्रश्न निवडतात. त्यानंतर विजेची बिले, पाण्याच्या मीटरचे आकडे, डिझेलचा खप, अपघातांच्या नोंदी, कायम व हंगामी कामगारांत स्त्रिया किती व पुरुष किती, असे तक्ते खात्याखात्यांतून गोळा होतात. सल्लागार ते सारे नऊ तत्त्वांच्या चौकटीत बसवितात. काही उत्तरे आवश्यक असतात, काही ऐच्छिक. कंपनीस माल पुरविणाऱ्यांकडील कामगारांची विचारपूस बहुतांशी ऐच्छिकांत मोडते. ह्यात खोटे लिहिण्याची गरजच पडत नाही. कुंपण कोठे घातले, एवढ्यावर पुष्कळ भागते.

हे अहवाल चाळताना मला बीड जिल्ह्यातील एक फार जुने परिमाण आठवते. दसरा-दिवाळी आटोपली की धारूर, वडवणी, शिरूर कासार ह्या भागांतील गावे रिकामी होऊ लागतात. बिऱ्हाडे कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकाकडे ऊसतोडीस निघतात. मुकादम त्यांस आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. आणि ही उचल ठरते ती 'कोयत्या'वर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. तो ऊस तोडतो. ती पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. वहीत मात्र बहुधा नाव त्याचे असते. एखादा दिवस काम चुकले की 'खाडा' पडतो आणि त्याचा दंड कापला जातो.

ह्या खाड्याची किंमत 2019 साली आकड्यांत उमटली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक होती; पण पाळीच्या व दुखण्याच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, हे त्यांतील एक होते.

आता अहवालाचा रकाना विचारतो, स्त्री-कामगार किती? कारखाना म्हणतो, तोडणीची माणसे आमची नव्हेत, मुकादमाची. मुकादम कोयते मोजतो. कित्येक साखर कारखाने सहकारी. ते शेअरबाजारात नाहीत, म्हणून सेबीचा साचा त्यांस लागू नाही. त्यांची साखर ज्या शीतपेयांत व मिठाईत जाते, त्यांच्या कंपन्या अहवाल काढतात; पण फड त्यांच्या कुंपणाबाहेर राहतो. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही साखळी फडापासून शीतपेयांच्या बाटलीपर्यंत उलगडून दाखविली, तेव्हा दूरदेशीच्या वाचकांस बीडचे नाव कळले.

म्हणून हे अहवाल म्हणजे निव्वळ देखावा, असे माझे काही स्नेही म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. त्या स्त्रियांचे दुखणे गावोगाव ठाऊक होतेच. पण मोजणी होईपर्यंत ती केवळ कुजबूज होती. वहीत एकदा रकाना आखला की तो कोरा ठेवणारासही त्याचे कारण सांगावे लागते. साखर विकत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या अहवालात ऐच्छिक नव्हे, तर आवश्यक म्हणून एवढेच लिहावे: आमच्या साखरेचा ऊस किती स्त्रियांनी तोडला व वाहिला, त्यांची मजुरी कोणाच्या हाती पडली आणि आजारपणाच्या दिवशी त्यांस किती दंड झाला. कोयता एक असला तरी माणसे दोन आहेत, एवढी बेरीज कोणत्याही हिशेबनिसास जमण्यासारखी आहे.