पंधरा गोण्या, एकवीस टन

आमच्याकडं घराला खोली वाढवायची ठरली, की माणूस गवंड्याच्या आधी मुकादमाकडं जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या गावांची ही रीतच पडून गेली आहे. मुकादम मजुरीवर जेवढी आगाऊ उचल देईल तेवढं बांधकाम वर येतं, पैसे संपले की थांबतं, आणि बिनछताच्या भिंती मागं टाकून नवरा-बायकोचा कोयता सहा महिन्यांसाठी कारखान्याची वाट धरतो. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. धारूर तालुक्यातल्या आमच्या डोंगरी गावात अशा अर्ध्या भिंती गल्लोगल्ली दिसतात. २०१९ साली आमच्या दारातही तशीच एक उभी राहायची, ती राहिली नाही एका मिस्त्रीमुळं. आम्ही त्यांना मामा म्हणतो.

खोली माझ्यासाठी हवी होती. मी दहावी झाले होते. आजोबांनी बांधलेलं दोन खणांचं माळवद, आणि त्याचं दार नुसतं ढकललं तरी उघडायचं. आई-अण्णा उसाला गेल्यावर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर सोळा वर्षांची पोर ठेवायची कशी? माझ्या बरोबरीच्या कितीतरी मुलींची लग्नं याच काळजीपोटी उरकली गेली. मलाही स्थळं येत होती. आईचं म्हणणं एवढंच होतं, की आतून कडी लागेल अशी एक पक्की खोली झाली तर पोरगी शिकेल. अण्णांच्या मनात मात्र दोन खोल्या, वर स्लॅब, आतबाहेर गिलावा आणि त्यासाठी लाखाची उचल होती.

मामांनी तो आकडा ऐकून घेतला आणि मला वही आणायला लावली. ते स्वतः एके काळी उसाला जायचे, नंतर पुण्याच्या साइटवर काम शिकून गावी परतलेले. अण्णांना म्हणाले, "किती लागतंय ते आधी लिव्हू. मुकादम कुठं पळून चाललाय?"

पण लिहिण्याआधी त्यांनी अंगणात राखेनं खोली आखली, आतून दहा बाय बारा फुटांची. आईला म्हणाले, "बाई, आत या, नांदून बघा." आईनं आजीची बाज आणून टाकली, चुलीच्या जागी वीट ठेवली, माझ्या पुस्तकांसाठी कोपरा धरला. दार आत उघडलं की बाजेवर आदळणार, हे तेव्हा कळलं. दार सरकलं. रस्त्याकडची खिडकी आईनं मागच्या बाजूला नेली, तीही डोक्याच्या वर. न्हाणीघर भिंतीला लागून आलं, म्हणजे रात्री मला बाहेर पडायला नको. मामा पायानं रेघ पुसायचे आणि पुन्हा राख टाकायचे. "रेघ पुसायला काही लागत नाही, भिंत पाडायला लागतंय."

मग हिशेब. खोली आतून दहा बाय बारा असली, तरी स्लॅब भिंतींवर टेकतो, म्हणून माप बाहेरून धरायचं: साडेअकरा बाय साडेतेरा. जाडी पाच इंच. आतल्या मापानं माल आणणाऱ्यांचा स्लॅब मधेच अडतो, आणि अर्धवट थांबलेल्या स्लॅबला तिथूनच गळती लागते. सिमेंट पंधरा गोण्या. सळई नगावर घ्यायची नाही, काट्यावर घ्यायची. बारा मीटरची दहा एमएमची सळई साडेसात किलोच्या आसपास भरली पाहिजे आणि आठ एमएमची पावणेपाच. मी लिहीत गेले. शेवटी त्यांनी रुपयांच्या शेजारी आणखी एक रकाना आखायला सांगितला, उसाचा. तोडणीचा दर तेव्हा टनाला अडीचशेच्या आत होता आणि सिमेंटची गोणी साडेतीनशेच्या आसपास. पंधरा गोण्या म्हणजे एकवीस टन. आई-अण्णा दोघं मिळून दिवसाला दोनेक टन तोडायचे. नुसत्या स्लॅबच्या सिमेंटला दोघांचे दहा-अकरा दिवस, तेही थंडीत पहाटे उठून फडात उतरायचे. अण्णा त्या रकान्याकडं बराच वेळ बघत बसले. दुसरी खोली त्यांनी स्वतःच खोडली.

पुढची काटछाट मामांनी केली. पायाला दगड विकत न घेता आमच्याच बांधावरचा, गिलावा पुढं ढकलायचा, फरशीऐवजी कोबा. कमी केलं नाही ते दार. लोखंडी चौकट, जाड पत्रा, आतून दोन कड्या. दुसरी खोली आणि गिलावा ही त्यांचीच मजुरी होती. जिल्हा दुष्काळानं पोळलेला, हाताला काम नाही, अशा उन्हाळ्यात हा माणूस आपल्याच हातानं आपलं काम कमी करत होता. हे मला पुष्कळ उशिरा उमगलं, आणि तेव्हापासून त्यांच्यासमोर बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

त्या उन्हाळ्यात गावाला टँकरचं पाणी होतं. अण्णांना घाई झालेली, मामा म्हणाले, "पिण्याचं पाणी भिंतीला घालता का? तहानलेलं सिमेंट भुगा होतंय." पाया तेवढा खोदून ठेवला. पाऊस आल्यावर भिंती चढल्या, सप्टेंबरात स्लॅब पडला. दुसऱ्या दिवशी त्यावर चिखलाची आळी करून पाणी साठवलं, आणि पंधरवडाभर ते आटू न देणं माझ्याकडं होतं. एका बाजूला पुढच्या खोलीसाठी विटा एकाआड एक बाहेर काढलेल्या, वर सळयांची टोकं सोडून त्यांना सिमेंटचा हात मारलेला. दसऱ्यानंतर आई-अण्णा गेले. उचल ठरवली होती त्याच्या निम्म्याहून कमी घेतली आणि हंगाम संपून पट्टा पडला तेव्हा ती फिटलेली होती.

मी त्या खोलीत अकरावी-बारावी केली, पुढं नर्सिंग. आता अंबाजोगाईला नोकरीला आहे. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, पण आई-अण्णांनी त्याआधीच कोयता ठेवला होता.

यंदा दुसरी खोली काढायची आहे. मामांना आता परांचीवर चढवत नाही, म्हणून अंदाजपत्रक मी केलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी वाळूऐवजी कच धरायला लावली, आणि काम माझ्या पगाराप्रमाणं महिन्या-महिन्याला तोडलं: एका महिन्यात पाया, दोन महिने भिंती, मग पैसे साठवून स्लॅब. काम करणार त्यांचा पुतण्या. मजुरी किती, हे विचारल्यावर म्हणाले, ते त्याच्याशी ठरव, आणि घासाघीस करायला लाजू नको.