रणातलं गोडं पाणी

शिराळ्याच्या माणसाला पाण्याचं अप्रूप नसतं. मोरणा आणि वारणा या दोन नद्या, वर चांदोलीचं धरण, पावसाळ्यात भिंतींवर चढणारं शेवाळ. आम्ही भितो ते पाणी जास्त झालं तर. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कुणाच्या घरात किती पाणी होतं, ते वारणाकाठची माणसं आजही भिंतीवर हात ठेवून दाखवतात. त्यामुळेच असेल, पण आम्ही सात जणांनी मोटारसायकलवर लांब जायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, कच्छचं रण.

गाड्या पाच. माणसांत एक हायस्कूलचा मास्तर, एक गॅरेजवाला, ऊस वाहतूक करणारे दोघे भाऊ, दोन शेतकरी आणि मी. सात जणांत मुसलमान मी एकटाच. शिराळ्यात हे मोजायची वेळ येत नाही. ती आणली अम्मानं. "बॉर्डर को कायको जाते रे? नाम पढके रोकेंगे," असं ती चार दिवस म्हणत राहिली. मी हसून टाळलं, पण तिचं बोलणं माझ्याबरोबर हजारभर किलोमीटर आलं.

वाटेत नियम एकच होता. मास्तर पुढे, गॅरेजवाला शेवटी आणि आरशात मागची गाडी दिसेनाशी झाली की थांबायचं. मागचा थांबला की त्याच्या पुढचा थांबतो, मग त्याच्या पुढचा. त्यामुळे सगळ्यांचा वेग सर्वांत मागच्याच्या वेगाएवढाच राहतो. सुरुवातीला जोरात जाणाऱ्यांना याचा कंटाळा येतो. भुज सोडल्यावर मैलोन् मैल माणूस दिसत नाही, तेव्हा मात्र आरशात आपोआप लक्ष जायला लागतं.

भिरंडियाराला रणाच्या परवान्यासाठी ओळखपत्रं दाखवायची होती. माझं कार्ड सहाव्या नंबरला होतं. तिथल्या माणसानं सगळ्यांच्या कार्डांकडे पाहिलं तसंच माझ्या कार्डाकडे पाहिलं, नंबर लिहून घेतला आणि परत दिलं. एवढंच झालं. बाकीचे तोवर शेजारच्या दुकानात मावा खात उभे होते. माझा श्वास अडकला होता हे त्यांच्या गावीही नव्हतं. यात त्यांचा दोष नाही. त्यांच्यावर अशी वेळ कधी आलेलीच नाही.

तिथून पुढे बन्नीचं गवताळ रान लागतं. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा हा सपाट, खारा पट्टा. इथले मालधारी बहुतेक मुसलमान, आणि त्यांचं सगळं जगणं म्हशींवर. या म्हशी रात्री चरायला जातात आणि सकाळी आपल्या आपण घरी येतात. मधेमधे वेड्या बाभळीचं रान माजलंय. रण पुढे सरकू नये म्हणून साठच्या दशकात ती लावली, आणि आता तिनंच गवत खाल्लंय.

होडकोच्या पुढे आडवाटेला एका गाडीची चेन तुटली. गॅरेजवाला कामाला बसला. फेब्रुवारीतलंच ऊन, पण तासाभरात बाटल्या तळाला गेल्या. लांबून एक म्हातारा मालधारी आला. त्यानं काही न विचारता आम्हाला एका खोलगट जागेत नेलं. तिथं लाकडाची चौकट बसवून, आतून गवत लावून पक्का केलेला छोटा आड होता. त्याला विरडा म्हणतात. इथलं जमिनीतलं पाणी खारं. पावसाचं गोडं पाणी मुरतं आणि हलकं असल्यामुळे त्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. विरडा खणतात तो या वरच्या थरापुरता.

ऊसवाल्या भावांपैकी धाकट्यानं भराभर पाणी शेंदायला सुरुवात केली. म्हाताऱ्यानं त्याचा हात धरला. "धीरे. ऊपर मीठा है, नीचे खारा." जास्त ओढलं तर खालचं खारं पाणी वर येतं आणि आड नासतो. आम्ही प्रत्येकी एकेक बाटली भरली. आमची नावं त्यानं विचारली ती यानंतर.

जोहरची वेळ झाली होती. ते पाणी पिण्याचं होतं, म्हशींचं होतं. त्यातून वजू करणं मला पटेना. मी तयम्मुम केलं, म्हणजे स्वच्छ मातीवर हात टेकवून ते तोंडावर आणि हातांवर फिरवले, आणि प्रवाशाची दोन रकात नमाज पढलो. मास्तर बघत होता. त्यानं विचारलं, तेव्हा सांगितलं, पाणी नसेल तर माती चालते. शिराळ्यात इतकी वर्षं आम्ही एकत्र आहोत, पण हे त्याला दाखवायची कधी गरजच पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी खावडा सोडून, दोन्ही बाजूंना पांढरं मीठ बघत धोलावीराला पोचलो. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांमध्ये वसलेलं हे हडप्पाकालीन शहर. त्या लोकांनी ओढे अडवले, खडक फोडून मोठाले हौद केले आणि पावसाचं पाणी साठवलं. 2021 साली हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत गेलं. हौदाच्या काठावर उभं राहून मोठा ऊसवाला म्हणाला, "आपल्याकडं एवढं पाणी असून हौद कुठाय?"

मग जतचा विषय निघाला, आटपाडीचा निघाला. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तेव्हा आम्हाला अभिमान वाटला होता. आमच्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माणसं टँकरची वाट बघतात, ते बघायला सातांपैकी कुणीही कधी गेलेला नव्हता. रण बघायला मात्र हजार किलोमीटर आलो.

पुढची फेरी एप्रिलमध्ये, जतला. अम्माला सांगितलंय. या वेळी ती काही म्हणाली नाही, फक्त पाण्याची बाटली मोठी घे म्हणाली.